खालून ठोठावल्यास

समितीवर काम करायला अक्कल लागते, असा बाहेर समज आहे. प्रत्यक्षात लागतं ते मूत्राशय. आमची बैठक दुपारच्या जेवणानंतर सुरू झाली की दिवे लागेपर्यंत चालते, आणि अध्यक्ष उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही असा रिवाज आहे. अध्यक्ष प्रबुद्ध लाहिडी सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि ते उठत नाहीत.

मी किंशुक नंदी, या समितीचा सचिव. सचिव म्हणजे जो सगळ्यात लहान आहे आणि ज्याला वेळेवर ‘नाही’ म्हणता आलं नाही, तो. नदीतल्या पुलांचे पाये कसे घालावेत याचे नियम आम्ही लिहितो. एक नियम लिहायला साधारण एक हिवाळा जातो. त्या वर्षी एकच प्रकरण उरलं होतं: दाबाच्या हवेत काम करण्याचं.

हे जरा सांगायला हवं. पुलाचा खांब काँक्रीटच्या एका पोकळ विहिरीवर उभा असतो, आणि ही विहीर नदीच्या तळात खोल उतरवत न्यायची असते. बहुतेक वेळा वरूनच गाळ उपसला की ती आपल्या वजनानं उतरते. पण मध्ये काही आडवं आलं, बुडालेलं झाड म्हणा, जुन्या गलबताचा सांगाडा म्हणा, तर माणसं खाली पाठवावी लागतात. मग विहिरीच्या बुडाशी एक बंद खोली करायची आणि तिच्यात इतकी हवा दाबायची की नदीला आत शिरायचं धाडस होऊ नये. या तळखोलीतून एक लोखंडी नळा वर येतो. नळ्यात शिडी. नळ्याच्या डोक्यावर, पाण्याच्या वर, एक कोठडी. खालून आलेल्या माणसानं कोठडीत बसायचं, पायाखालचं झाकण लावायचं, आणि बाहेरचा माणूस हळूहळू दाब उतरवेपर्यंत गप्प राहायचं. घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस सोड्याच्या बाटलीसारखा संपतो. उलटही खरं आहे. कोठडीतला दाब खालच्या दाबाइतका झाल्याशिवाय ते झाकण उघडत नाही. चार पैलवान लावले तरी नाही.

रूपनारायण नदीवर, कोलाघाटच्या खालच्या अंगाला, नवा पूल चालला होता. त्याची चौथी विहीर काळ्या पडलेल्या लाकडांवर अडकली होती. माणसांनी खाली जाऊन, करवतीनं लाकूड कापत कापत, तिला तळाला टेकवलं होतं. आता तळखोलीत काँक्रीट ओतून ती कायमची बुजवायची होती. त्याआधी आम्ही ती बघावी असं लाहिडीदांच्या मनात आलं.

“जो खाली उतरला नाही,” ते म्हणाले, “त्यानं या प्रकरणावर तोंड उघडू नये.”

दिवस ठरला. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला हावड्यात माझं लग्न होतं.

लग्न म्हणजे नोंदणी. हा तिसरा प्रयत्न. आधीच्या दोन्ही वेळा बैठक लांबली होती. दुसऱ्या वेळी महुआनं साक्षीदारांना मोगलाई पराठे खाऊ घालून घरी पाठवलं आणि मला फोन केला. ती श्रीरामपूरच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे बोलते ते नकाशा समोर टांगल्यासारखं.

“किंशुक, तिसऱ्यांदा मी परत जाणार नाही. खोली आहे, रजिस्ट्रार आहे, साक्षीदार आहेत. तू नसलास तर जो मोकळा दिसेल त्याच्याशी करून टाकीन.”

ती विनोद करत नव्हती. आमच्यात विनोदाचं खातं माझ्याकडे आहे.

“अकराला खाली, एकला वर, अडीचची गाडी,” मी म्हणालो. “नदीत बुडालो तरच उशीर.”

“बुडालास तर कळव,” ती म्हणाली.

*

लाँचमधून विहिरीपाशी गेलो तेव्हा ओहोटी लागली होती. काठावरच्या चिखलात होड्या आडव्या पडल्या होत्या. आम्ही चौघं: लाहिडीदा, मी, मातीच्या प्राध्यापक मंजरी सोम आणि पूल खात्यातून निवृत्त झालेले बोरालबाबू. मंजरीदी कुठलीही माती अंगठ्यानं दाबून तिची ताकद सांगतात आणि माणसांशीही तसंच वागतात. बोरालबाबू आयुष्यभर नदीवर राहिले. जमिनीवर ते किंचित डोलत चालतात.

कोठडी सांभाळणारा इद्रिस मंडल मुर्शिदाबादचा होता. त्यानं आमचे मोबाइल, काड्यापेटी आणि बोरालबाबूंचा जर्दा एका टोपलीत काढून घेतला. मग भिंतीवरच्या फळीवरून चार पितळी बिल्ले काढून प्रत्येकाच्या गळ्यात अडकवले.

“आत गेला की खिळा रिकामा. बाहेर आला की बिल्ला खिळ्यावर. खिळे मोजायचे, माणसं मोजायची नाहीत. माणसं हलतात.”

“लग्नाला घेऊन जातो तुला,” मी म्हणालो. “वऱ्हाड मोजायला.”

“आज आहे?” तो म्हणाला. “मग खाली कशाला जाताय, बाबू?”

मी बिल्ला शर्टात टाकला आणि कोठडीत वाकून शिरलो.

दाब चढताना कानात कुणी अंगठे घालून फिरवतंय असं वाटतं आणि हवा तापते. झाकण उघडलं आणि आम्ही नळ्यातल्या शिडीनं उतरलो. तळखोलीचं छत इतकं खाली होतं की बोरालबाबू पहिल्यांदाच न डोलता चालले. जाळीतले पिवळे दिवे. पायाखाली निळसर करडी, लोण्यासारखी माती. कडेच्या भिंतीखालून कापलेल्या लाकडांची काळी टोकं बाहेर आलेली, ओली, करवतीच्या रेघांसकट. वास कुजण्याचा नव्हता. खूप दिवस बंद असलेल्या ट्रंकेचा होता.

दाबाच्या हवेत सगळ्यांचा आवाज नाकातून येतो. लाहिडीदांनी या नदीच्या तळाविषयी एक गंभीर भाषण केलं आणि ते एखाद्या बदकानं केल्यासारखं ऐकू आलं. मंजरीदींनी अंगठा मातीत रुतवला, बाहेर काढला, पुसला आणि म्हणाल्या, “चांगली आहे. पण माणसं इथं फार वेळ उभी करू नका.”

एक वाजायच्या बरंच आधी आम्ही पुन्हा शिडी चढून कोठडीत बसलो होतो. दोन बाकं समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लागलेले. झाकण लावलं. टेलिफोनवरून मी इद्रिसला सांगितलं, “उतरव.” या टेलिफोनला तीन तोंडं होती: एक बाहेर इद्रिसपाशी, एक कोठडीत, एक खाली तळखोलीत.

हवा शीळ घालत बाहेर जाऊ लागली. दाब उतरला की गारठा येतो आणि कोठडीत धुकं धरतं. थोड्या वेळात मला समोरच्या मंजरीदींचा चष्मा दिसत होता, त्यामागे त्या असाव्यात.

“कोरम आहे,” धुक्यातून लाहिडीदा म्हणाले. “आणि कुणी उठून जाऊ शकत नाही. बैठक सुरू करू.”

इतकं आनंदी मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

विषय होता कलम सतरा. लोखंडावर ठोकून द्यायचे इशारे. त्यातलं मुख्य वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते त्यांनी पाठ म्हणून दाखवलं: “खालून ठोठावल्यास, कोठडीतील व्यक्तींनी विनाविलंब दाब समान करून झाकण उघडावे.”

“अपवाद?” मंजरीदींनी विचारलं.

“नाही. अपवाद घातला की आतले लोक तो वाचत बसतात आणि खालचा माणूस मरतो. ठोकणारा कोण आहे, त्याला बिल्ला आहे का, काही विचारायचं नाही. आधी दार.”

“हे आमच्या खात्यात न लिहिता चालायचं,” बोरालबाबू म्हणाले. “लिहावं लागतंय हेच वाईट. मंजूर.”

“मंजूर,” मंजरीदी म्हणाल्या.

“मंजूर,” मी म्हणालो.

आणि पायाखालच्या झाकणावर खालून कुणीतरी ठोकलं. दोन ठोके जवळजवळ, एक थांबून. हा इशारा आम्हाला सगळ्यांना माहीत होता. त्याचा अर्थ: वर यायचंय, उघडा.

*

 लाहिडीदांनी माणसं मोजली. चार. मी मोजली. चार.

“माझ्याकडे बघून पुन्हा पुन्हा मोजू नका,” बोरालबाबू म्हणाले. “मी एकदाच आहे.”

मी इद्रिसला विचारलं. फळीवर चारच खिळे रिकामे होते, आमचे. सकाळची टोळी कधीच बाहेर येऊन जेवायला गेली होती. ठोके त्याला ऐकू आले नव्हते.

“लोखंड गार होताना आकसतं,” मंजरीदी म्हणाल्या. “नळा इतका लांब आहे. आवाज येणारच.”

“आकसू दे की,” बोरालबाबू म्हणाले. “पण लोखंडाला इशारा कुणी शिकवला?”

पुन्हा ठोके आले. दोन जवळजवळ, एक थांबून.

“कलम मंजूर होऊन दोन मिनिटं नाही झाली,” लाहिडीदा म्हणाले. “आपणच पहिले मोडणार का? इद्रिस, चढव.”

पुन्हा उकाडा, पुन्हा कानात अंगठे. दाब समान झाला, झाकण खाली पडलं. शिडी, दिव्यांची रांग, आणि तळाशी करड्या मातीचा गोल तुकडा. माणूस नाही.

खाली जाऊन बघायचं काम सचिवाचं असतं हे मला तिथं कळलं. मी उतरलो. खोली रिकामी होती. मातीत बुटांचे ठसे होते, चार जणांचे, आमचेच. माझ्या डाव्या टाचेला एक खाच आहे, तीही ओळखू आली. सगळे ठसे शिडीकडे येत होते. आम्ही शिडीवरून आत गेलो तेव्हाचे ठसेही असायला हवे होते. मी ते थोडा वेळ शोधले. मग मला अडीचची गाडी आठवली.

“कुणी नाही,” वर येऊन मी सांगितलं. ठशांचं बोललो नाही. बोललो असतो तर लाहिडीदांनी तो विषय पत्रिकेवर घेतला असता.

झाकण लावलं. उतरवायला पहिल्यापासून सुरुवात. इद्रिस म्हणाला की जितका वेळ दाबात जाईल तितकं हळू उतरवावं लागेल. “घाई नका करू, बाबू. घाई केलेला नवरदेव मी एकदा पाहिलाय. खांद्यावर उचलून नेला.”

धुकं धरलं. चष्मा तेवढा दिसायचा राहिला. आणि ठोके आले.

या वेळी कुणी मोजलं नाही. लाहिडीदांनी फक्त “चढव” म्हटलं. उकाडा, झाकण, शिडी, दिवे, करडा गोल. झाकणाच्या खालच्या बाजूला ओल्या मातीचे डाग होते, ठोकणाऱ्याच्या मुठीएवढे. ते आधीपासून असतील असं मंजरीदी म्हणाल्या. त्यांनी त्यातला एक डाग अंगठ्यानं दाबला आणि अंगठा साडीला पुसला. नंतर पुन्हा पुसला.

झाकण लावलं, इद्रिस पुन्हा उतरवू लागला, पुन्हा धुकं धरलं. दीड वाजून गेला होता. मी हिशेब केला. आणखी एकदा उघडलं तर अडीचची गाडी जाणार. तिच्यानंतरची पाचच्या पुढे पोचणार. महुआ साडी नेसून निघाली असेल. त्या खोलीत पंखा आहे आणि तो चालू केला की रजिस्ट्रारचे कागद उडतात, म्हणून तो बंद असतो. मागच्या दोन्ही वेळा ती त्या बंद पंख्याखाली बसली होती. बाहेर पडलो की तिला फोन करता येईल, पण बाहेर पडणं हाच तर प्रश्न होता. मोबाइल टोपलीत होता, टोपली दाराच्या पलीकडे, आणि दारापलीकडे नेहमीची, फुकटची, पातळ हवा.

“मी ओरडून सांगू का खाली?” बोरालबाबू म्हणाले. “की बाबांनो, एकदा तरी दिसा.”

तेवढ्यात टेलिफोन वाजला. खोक्यावर दोन दिवे होते. वरचा इद्रिसचा. पेटला होता तो खालचा.

मंजरीदी जवळ बसल्या होत्या. त्यांनी उचलला, ऐकला, ठेवला.

“कोण?” लाहिडीदांनी विचारलं.

“समिती.”

“कुठली?”

“विचारलं नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि धुक्यात पूर्ण नाहीशा झाल्या. “दार उघडा म्हणतात. त्यांचा कोरम पूर्ण आहे.”

लाहिडीदा टेलिफोनकडे वाकले. मग त्यांनी विचारलं, “अध्यक्ष कोण आहेत त्यांचे?”

एरवी हा विनोद मी केला असता. पण ते विनोद करत नव्हते.

“मागून कुणीतरी बोलत होतं,” त्या म्हणाल्या, मला उद्देशून. “नदीत बुडालो तरच उशीर, असं काहीतरी. आणि हसलं.”

ते वाक्य मी त्यांच्यासमोर कधी बोललो नव्हतो.

*

ठोके आता थांबत नव्हते.

“दुरुस्ती मांडतो,” मी म्हणालो. माझा आवाज नाकातून आला, पण स्थिर होता. “कलम सतरा. कोठडीतील सर्व व्यक्तींची गणती जुळत असल्यास, खालून ठोठावल्यास झाकण उघडणे बंधनकारक नाही.”

“अनुमोदन,” मंजरीदी लगेच म्हणाल्या.

“तुझं पाचला काय आहे ते ठाऊक आहे मला,” बोरालबाबू म्हणाले. “म्हणून नियम बदलायचा?”

“गणती जुळतेय, बोरालबाबू.”

“इथली जुळतेय. तिथलीही जुळतेय म्हणतात. ठोका म्हणजे ठोका रे बाबा. वरचा कोण आणि खालचा कोण, हे ज्याला बाहेर पडायची घाई आहे त्यानं ठरवायचं का? माझा विरोध. लिहून ठेव.”

बाजूनं एक, विरोधात एक. अध्यक्ष बरोबरी झाली तरच मत देतात. उरलो मी.

मी घड्याळ बघितलं आणि हात वर केला. धुक्यात तो कुणाला दिसला नसता, म्हणून तोंडानंही सांगितलं, “बाजूनं.”

“संमत,” लाहिडीदा म्हणाले. “इद्रिस, उतरव. मध्ये थांबू नकोस.”

त्यानंतरचा काळ किती होता हे मला सांगता येत नाही. आम्ही पाय बाकावर घेऊन बसलो, पाटावर बसल्यासारखे, कारण जमिनीवर ठेवले तर तळव्यांना ठोके कळत होते. गारठा वाढत गेला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बघण्यासारखं काही दिसतही नव्हतं.

आधी इशारा होता. दोन, मग एक.

मग नुसतेच ठोके.

शेवटी शेवटी मुठी नव्हत्या. तळहात होते.

बोरालबाबूंच्या बाजूनं कुणीतरी पुटपुटत होतं, “उघडा रे, उघडा.” मग तेही थांबलं.

बाहेरचं दार आपोआप सैल झालं.

*

ऊन इतकं होतं की डोळ्यांतून पाणी आलं. भरती सुरू झाली होती, होड्या उभ्या राहिल्या होत्या. आम्ही चार बिल्ले चार खिळ्यांवर अडकवले. इद्रिसनं मातीच्या भांड्यांतून चहा दिला आणि मुडीत, म्हणजे कुरमुऱ्यांत, मिरच्या घालून आणल्या. सगळे भरभर खात होते.

“बोरालबाबू,” मी म्हणालो, “तुमच्या विरोधाची नोंद कशी करू? कारण लिहायचं का?”

“कसला विरोध?” ते म्हणाले.

“दुरुस्तीला.”

“मी कशाला विरोध करू? गणती जुळत होती.” त्यांनी मुडीची मूठ तोंडात टाकली. “एकमतानं झालं ना ते?”

“एकमतानं,” मंजरीदी म्हणाल्या.

“एकमतानंच,” लाहिडीदा म्हणाले, आणि उठले.

सगळ्यांत आधी ते उठले. पेला ठेवून ते ठेकेदाराच्या माणसाकडे गेले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत कशाला थांबता, आताच ओता. पंप सुरू झाला तेव्हा मी लाँचमध्ये होतो. बोरालबाबू मला हात करायला विहिरीच्या काठावर उभे होते, अगदी सरळ, जराही न डोलता.

दाबाचा परिणाम होतो माणसावर. पुस्तकात आहे. शिवाय तीन सभासद एक सांगत असताना सचिवाच्या आठवणीला कुणी विचारत नाही. मला अडीचची गाडी मिळाली. खिडकीही मिळाली.

हावड्यात रजिस्ट्रार निशीथ धाडांच्या घराची पुढची खोली. बंद पंखा, काचेखाली कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो, आणि मोहरीच्या रंगाच्या साडीत महुआ. तिच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आणि तिचा मावसभाऊ साक्षीदार होते. मावसभाऊ घड्याळाकडे बघून निराश झाला. त्याला पराठ्यांची सवय लागली होती.

“आलास,” महुआ म्हणाली.

“नदीनं सोडलं,” मी म्हणालो. “म्हणाली, तुझं लग्न आहे, ते जास्त खोल आहे.”

महुआ मोठ्यानं हसत नाही. हसू आलं की ओठ आवळते. तिनं ओठ आवळले नाहीत. माझ्याकडे बघत राहिली, वर्गात नवा मुलगा आला की बघत असेल तशी.

“बरा आहेस ना?”

“दाबातून आलोय. उतरेल.”

धाडाबाबूंनी रजिस्टर उघडलं. मी माझ्या जागी सही केली. साक्षीदार सह्या करत होते तेव्हा माझा मोबाइल वाजला. मी दारापाशी गेलो.

“बाबू,” इद्रिस म्हणाला, “खालून फोन येतोय.”

“काँक्रीट?”

“चालू आहे. खोली केव्हाच भरली, आता नळ्यात चढतंय.”

“मग तिथून फोन कसा येईल?”

“तेच मी इंजिनियरबाबूंना विचारलं. ते म्हणाले, तार तुटली असेल, वाजू दे.” त्याच्यामागे पंपाचा घरघराट होता, आणि आणखी एक आवाज, लोखंडावरचा. “मी उचलला. चौघं आहेत म्हणतात. शिडीवर आहेत, एकाच्या खांद्यावर एक. त्यातला एक तुमच्यासारखा बोलतो. म्हणाला, पंप बंद करायला तुला कुणी सांगणार नाही ते मला ठाऊक आहे, माझंच कलम आहे. फक्त महुआला लावून दे, उशीर होतोय एवढं सांगायचंय. नंबर त्यानं तोंडपाठ सांगितला.”

“इद्रिस, गणती जुळलीय. चार खिळ्यांवर चार बिल्ले आहेत.”

“आहेत, बाबू. मी बघतोय त्यांच्याकडे.”

“मग लावू नकोस.”

 तो म्हणाला, “ते कलम मी वाचलेलं नाही, बाबू. मला वाचता येत नाही असं समजा.” आणि फोन ठेवला.

मी तिथंच उभा राहून महुआचा नंबर आठवायचा प्रयत्न केला. आला नाही. आजकाल कुणालाच कुणाचा नंबर पाठ नसतो.

आत आलो. धाडाबाबूंनी रजिस्टर महुआकडे वळवलं होतं आणि बोटानं जागा दाखवत होते. तिनं पेन उघडलं. टेबलावर तिचा मोबाइल वाजायला लागला.

“अनोळखी आहे,” ती म्हणाली.

“आधी सही कर,” मी म्हणालो. “मग घे.”

वाजणं थांबलं. तिनं पेन कागदाला टेकवलं. पुन्हा वाजला.

“महुआ, नंतर.”

“परत परत करतंय, म्हणजे कुणीतरी अडचणीत असेल,” ती म्हणाली, आणि पेन खाली ठेवलं.

तिनं फोन कानाला लावला. बराच वेळ नुसती ऐकत होती. धाडाबाबूंनी चष्मा वर केला. मावसभाऊ काचेखालचे फोटो बघत होता.

मग महुआनं ओठ आवळले.

ते तसेच आवळलेले ठेवून तिनं नजर उचलली. आधी माझे बूट बघितले, मग सही केलेला हात, मग चेहरा. माझ्यावरची नजर न काढता ती खुर्चीतून उठली, एक पाऊल मागे भिंतीपर्यंत गेली, आणि फोनमध्ये अगदी हळू आवाजात विचारलं,

“तू कुठं आहेस?”